ठिणगीमागची शंभर वर्षं

राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात आजच्यासारखा स्पार्क प्लग नव्हता. सिलिंडरच्या आत दोन संपर्क झटक्यात विलग होत आणि मॅग्नेटोच्या, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, कमी दाबाच्या विजेची ठिणगी तिथेच पडे. इंजिन सुरू करायला लागणारी बॅटरी आणि कॉइल जमिनीवरच राहत. जर्मनीत बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्येच उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला होता. त्यावर युरोप इतका विसंबला की पहिलं महायुद्ध पेटल्यावर जर्मन पुरवठा तुटताच ब्रिटनला मॅग्नेटोचे कारखाने घाईने उभारावे लागले.

पुढे साहित्य सुधारलं, पण रचना फारशी बदलली नाही. फिरतं चुंबक, कॉइल, कंडेन्सर, कॉन्टॅक्ट पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर. बॅटरी संपली तरी ठिणगी पडत राहते, आणि विमानाच्या इंजिनावर सहसा दोन मॅग्नेटो असतात. या स्वावलंबनामुळेच तो टिकला. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ते पस मॉथ विमानही मॅग्नेटोवरच उडालं. आज सेस्ना १७२ वर शिकणारी मुलंमुलीही बहुधा त्याच्याच भरवशावर आकाशात जातात.

खरा बदल झाला तो देखभालीत. मॅग्नेटो बिघडेपर्यंत वापरायची जुनी सवय हळूहळू सुटली आणि दर पाचशे तासांनी तो उतरवून उघडायची शिस्त आली. ती का लागते, हे आतली झीज पाहिल्यावर पटतं. पॉइंट जळून झिजले की ठिणगी वेळेआधी पडू लागते. कॅमवर घासणारा भाग झिजला की ती उशिरा पडते. दोन्ही झिजा कधी कधी एकमेकींना झाकतात. शंभर तासांच्या तपासणीत मेकॅनिक मॅग्नेटो किंचित फिरवून इंजिनाशी त्याचं टायमिंग जुळवतो आणि बाहेरून सगळं नीट दिसतं. आत मात्र चुंबक ज्या कोनात असताना पॉइंट उघडायला हवेत, तो कोन सरकलेला असतो आणि ठिणगी अशक्त होत जाते. हे बाहेरून लावलेल्या कुठल्याही टायमिंगच्या दिव्याने कळत नाही. उघडावंच लागतं.

उघडल्यावर अनुभवी डोळा आधी पॉइंटांचा रंग पाहतो. मंद करडा रंग ठीक, खड्डे पडलेले किंवा काळवंडलेले नकोत. आत इंजिनाचं तेल उतरलं असेल तर सील गेलेलं असतं. डिस्ट्रिब्युटरच्या ठोकळ्यावर कार्बनची बारीक रेघ दिसली, तर वीज आडवाटेने पळत होती असं समजावं. ही रेघ मला सगळ्यांत धोकादायक वाटते, कारण जमिनीवर नीट चालणारं इंजिन उंचावरच्या विरळ हवेत तिच्यामुळे अडखळू शकतं.

काही धडे महागात पडले. इंजिन सुरू होताना मॅग्नेटोला झटका देणाऱ्या, बेंडिक्स कंपनीच्या इम्पल्स कपलिंगची झीज इतकी गंभीर ठरली की अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेने १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये तपासणीचे सक्तीचे निर्देश काढले. १९७७ ते १९८० च्या सेस्ना १७२ मध्ये दोन्ही मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर बसवले होते. दोन ठेवण्याचा हेतूच त्यात निम्मा हरवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीतही नवशिक्यांचं एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. त्याच काळातल्या १७२ मध्ये मिनिटाला १७०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करतात. घट १२५ फेऱ्यांपेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नको. पण घट अजिबात झालीच नाही तर? अनेकांना ते उत्तम लक्षण वाटतं. प्रत्यक्षात मॅग्नेटोला ग्राउंडशी जोडून बंद करणारी तार तुटलेली असू शकते. मग चावी काढलेली असतानाही पंखा हाताने फिरवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन येत आहे. रोटॅक्स ९१२ इंजिनात ते सुरुवातीपासूनच आहे आणि जुन्या इंजिनांवर मॅग्नेटोच्या जागी बसणारी प्रमाणित यंत्रंही मिळतात. त्यांत झिजणारे पॉइंट नाहीत, पण काहींना बॅटरीची साथ लागते. म्हणजे अल्टरनेटर, त्याचे ब्रश आणि वायरिंग यांची तपासणी आता ठिणगीइतकीच महत्त्वाची होते. ज्या क्लबांत अजून जुने मॅग्नेटो आहेत, तिथे तासांबरोबर वर्षंही मोजायला हवीत. विमान वर्षभर हँगरात उभं राहिलं तरी आत ओल शिरते, सील कडक होतात. म्हणून काही उत्पादकांनी तास कमी झाले असले तरी चार-पाच वर्षांत ओव्हरहॉल सांगितलं आहे. जुनं विमान घेणाऱ्याने रंग आणि गाद्या पाहण्याआधी लॉगबुकातली ती तारीख शोधावी.