चोरी नेमकी कुठं झाली?

पुण्यातल्या एका दैनिकाच्या शहर डेस्कवर मी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. रात्री साडेदहाला क्राइम रिपोर्टरची बातमी आली: प्रभात रस्त्यावर बंद फ्लॅट फोडला, डेक्कन पोलिसांत गुन्हा दाखल. पान सोडायची घाई. एक कॉलमी हेडिंगमध्ये ‘प्रभात रस्ता’ काही केल्या बसेना, म्हणून ‘डेक्कनला घरफोडी’ करून मी मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर पाय ठेवतो तोच फोन. समोरच्यांनी आधी खणखणीत आवाजात आडनाव सांगितलं, मग विचारलं, “डेक्कनला कुठं झाली हो चोरी?”

“प्रभात रोडला, काका.”

“मग तसं छापा की! मी आपटे रोडला राहतो. डेक्कन म्हणजे आम्ही. आमच्याकडं काहीही झालेलं नाही.”

मी हद्दीचा मुद्दा काढून पाहिला. “हद्द पोलिसांची असेल, आमची नाही,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

आमचे चीफसब गालातल्या गालात हसले. “त्यांच्या घराचा उतारा बघ एकदा. मग कळेल ते कुठं राहतात.”

बघायला गेलो आणि चक्रावलो. डेक्कन हे नाव १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखाना क्लबचं. ते भोवतालच्या वसाहतीला चिकटलं. नदीपलीकडचं मूळ गाव भांबुर्डा. त्याचं शिवाजीनगर झालं, तरी सिटी सर्व्हेच्या कागदांत भांबुर्डा अजून नांदतंय. महापालिकेच्या लेखी हा भाग शिवाजीनगर–घोले रोड क्षेत्रीय कार्यालयाचा. टपालखात्याचा ४११००४ तर डेक्कन आणि एरंडवणे यांना एकाच पोत्यात घालतो. काकांना ‘भांबुर्ड्याचे रहिवासी’ म्हटलं असतं, तर त्यांनी पेपरच बंद केला असता.

पुढचा फटका निधनवार्तेनं दिला. डेस्कवर अधिकृत नावं वापरायचा दंडक होता. हातानं लिहिलेल्या मजकुरात ‘गंज पेठ’ होतं. मी इमानेइतबारे त्याचं ‘महात्मा फुले पेठ’ केलं. दोन दिवसांनी मुलगा ऑफिसात आला. भांडला नाही. कात्रण टेबलावर सरळ करत म्हणाला, “साहेब, लोक विचारतायत, अण्णांनी घर कधी बदललं? फुल्यांचा वाडा आमच्याच पेठेत, नावाचा अभिमानच आहे आम्हाला. पण अण्णा गंज पेठेतले होते.”

त्या दिवसापासून निधनवार्तेत पत्ता घरच्यांनी लिहिला असेल तसाच ठेवायला लागलो.

गंमत म्हणजे पुणेकर ज्या वारांच्या नावांवर जीव टाकतो, तीही पहिल्यापासूनची नव्हेत. रविवार पेठ पूर्वी मलकापूर होती, शुक्रवार विसापूर, गुरुवार वेताळ पेठ. तिथंही एखादा अण्णा शेवटपर्यंत वेताळ पेठेतलाच राहिला असणार. फक्त त्याची निधनवार्ता दुरुस्त करायला कुणी उपसंपादक नव्हता.

वर्ष-दीड वर्षानं मला छोट्या जाहिरातींच्या प्रुफांवर बसवलं. तिथला नकाशा आणखी निराळा. बावधनचा फ्लॅट ‘कोथरूडला लागून’, धायरीचा ‘सिंहगड रोड टच’. चोरी झाली की वस्ती आकसते, विक्री निघाली की ऐसपैस पसरते, हे तिथं उमगलं.

एका संध्याकाळी आपटे रोडच्या टू बीएचकेचं प्रूफ हातात आलं. खाली आडनाव ओळखीचं. मजकूर असा: ‘डेक्कन. प्रभात रोड हाकेच्या अंतरावर.’

मी एक अक्षरही बदललं नाही.