पहिला धावून येणारा

दुबई शहरातील अल मनखूल हा बर दुबईचा एक गजबजलेला विभाग. उंच इमारतींच्या रांगा, तळाशी किराणा दुकाने व खाणावळी, आणि वर मजल्यामजल्यांवर नाना देशांच्या लोकांची बिऱ्हाडे असा तेथील संसार आहे. त्या बिऱ्हाडांत महाराष्ट्रातून आलेलीही पुष्कळ. मुंबईचे घड्याळ येथल्या घड्याळाहून दीड तास पुढे चालते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत रात्रीचे साडेनऊ वाजले, तेव्हा येथे आठ वाजले होते. जेवणाची पाने मांडण्याची ती वेळ. समुद्रापलीकडे आपले शहर जळत आहे, हे त्या रात्री अनेकांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले. ज्यांचे आईबाप, भावंडे तेथे होती त्यांच्या हाती टेलिफोन फिरवीत राहण्यापलीकडे काही नव्हते. अशा वेळी दूर असलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : तेथे त्यांच्या मदतीला कोण धावले असेल?

या प्रश्नाचे खरे उत्तर समजून घेणे अगत्याचे आहे; कारण पुढे महाराष्ट्रात संकटकाळच्या मदतीचे जे शिक्षण सुरू झाले त्याचे बीज त्या उत्तरातच आहे.

त्या रात्री दहा सशस्त्र हल्लेखोर समुद्रमार्गे येऊन दक्षिण मुंबईत, कोळ्यांच्या वस्तीलगत उतरले. छत्रपती शिवाजी टर्मिनस हे रेल्वेस्थानक, कामा रुग्णालय, ताजमहाल व ओबेरॉय ही हॉटेले, लिओपोल्ड हे उपाहारगृह आणि नरिमन हाउस अशा अनेक ठिकाणी त्यांनी संहार मांडला. १६६ माणसे प्राणास मुकली. हे संकट निवारण्यासाठी खास शिकविलेले राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान हरियाणातील मानेसर येथे होते. ते विमानाने मुंबईस पोहोचेपर्यंत रात्र सरत आली होती. पुढे त्यांनी जिवाची बाजी लावून २९ तारखेच्या सकाळी शेवटचे ठाणे मोकळे केले. मेजर संदीप उन्नीकृष्णन व हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांनी त्यात देह ठेवला. त्यांच्या शौर्याला उणेपणा येत नाही. परंतु अंतर हे अखेर अंतरच. मधल्या त्या लांबलचक रात्री मुंबईला जी मदत मिळाली, ती जे जेथे उभे होते त्यांच्याकडून मिळाली.

रेल्वेस्थानकात गाड्यांच्या सूचना देण्याचे काम विष्णु झेंडे यांच्याकडे होते. गोळीबार सुरू झाल्याचे ध्यानात येताच त्यांनी आपली जागा सोडली नाही. ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना वारंवार सांगत राहिले की, या बाजूला येऊ नका, मागील बाजूने बाहेर पडा. त्या दिवशी स्थानकात ५८ जीव गेले. ती सूचना मिळाली नसती तर आणखी किती गेले असते याची कल्पनाच करावी.

कामा रुग्णालय हे स्त्रियांचे रुग्णालय. तेथे अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीस होत्या. त्यांच्या कक्षात २० गर्भवती स्त्रिया होत्या. हल्लेखोर इमारतीत शिरल्याचे दिसताच त्यांनी दारे लावून घेतली आणि त्या सर्वजणींना आतल्या लहानशा खोलीत हलविले. त्यांतील एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या आधाराने त्यांनी तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. बाहेर मृत्यू हिंडत असता आत एक बालक जन्मास आले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये याच परिचारिकेने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे त्या रात्रीची हकीकत सांगितली.

गिरगाव चौपाटीवर नाकेबंदी करून उभ्या असलेल्या पोलिसांत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे होते. सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे गाव. हाती काठी एवढेच शस्त्र. थांबविलेल्या मोटारीतील हल्लेखोराच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो हल्लेखोर जिवंत हाती लागला. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. त्याच रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. इकडे ताजमहाल हॉटेलला आग लागली असता अग्निशमन दलाचे जवान खिडक्यांना शिड्या लावून पाहुण्यांना खाली उतरवीत होते.

निवेदक, परिचारिका, शिपाई, आग विझविणारे जवान : ही सर्व माणसे आपल्या रोजच्या कामावर होती. दहशतवादाशी लढण्याची नेमणूक त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी दिली नव्हती. म्हणूनच त्यांचे स्मरण करताना एक कटू प्रश्न टाळता येत नाही. माणसाच्या अंगी धैर्य आहे म्हणून त्याला रिकाम्या हाताने व अपुऱ्या शिक्षणाने मृत्यूच्या तोंडी पाठविण्याचा अधिकार समाजाला आहे काय? वीराचा पुतळा उभारणे सोपे असते. त्याच्या मागून येणाऱ्याला वेळीच शिकविणे कठीण असते. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये आपला अहवाल दिला, त्यातही पोलिसांची शस्त्रे, सराव व संकटसमयीची ठरलेली कार्यपद्धती यांतील उणिवांवर बोट ठेवलेले आहे.

ही शिकवण मुंबईला पहिल्यांदाच मिळाली असे मात्र नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्या सोबतीला स्फोटक दारूगोळाही होता. बंबवाले नित्याप्रमाणे धावले, पाणी मारीत राहिले. प्रचंड स्फोट झाला, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. १४ एप्रिल हा दिवस आजही भारतभर त्यांच्या स्मृतीचा म्हणून पाळला जातो. धावून जाणाऱ्याला समोर काय आहे याचे ज्ञान नसेल, तर त्याचे धावणेच त्याचा घात करते, हा त्या दिवसाचा धडा. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले, तेव्हाही पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरील इशारा शेजारच्या बंबवाल्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हता, असे चौकशीत दिसून आले. श्रीमंत देश झाला तरी तयारीवाचून सुटका नाही.

११ जुलै २००६ च्या सायंकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकलगाड्यांत अकरा मिनिटांच्या आत सात स्फोट झाले. त्या वेळी सर्वांच्या आधी रुळांवर उतरले ते रुळांकाठच्या झोपड्यांतील व चाळींतील रहिवासी. त्यांनी घरातील चादरी आणल्या, चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचलले, आणि मिळेल त्या वाहनातून रुग्णालयात पोहोचविले. गरिबाच्या घरची अंथरुणावरची चादर ही त्या दिवशी मुंबईची पहिली रुग्णडोली ठरली. यात जेवढी माणुसकी आहे तेवढाच एक इशाराही आहे. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला झोळीत घातले तर तो कायमचा पांगळा होऊ शकतो. जेथे एक बाँब फुटला तेथे दुसरा दडविलेला असू शकतो. दया आहे, पण विद्या नाही, अशी ही अवस्था.

ती विद्या आहे तरी काय? ऐकताना ती साधी वाटते. पहिला धडा असा की, घटनास्थळी पोहोचताच क्षणभर थांबून पाहावे. बेवारस वस्तूला हात लावू नये, बघ्यांची गर्दी मागे हटवावी, रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवावी. दुसरा, पोलीस, अग्निशमन दल व वैद्यकीय पथक यांनी एकाच सूत्रधाराच्या आज्ञेत चालावे. दहा तोंडांनी दहा हुकूम सुटले की मदतच अडथळा होते. तिसरा, रक्तस्राव थांबविणे. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरणे, आणि हातापायातून रक्ताची धारच लागली असेल तर जखमेच्या वरच्या बाजूस आवळपट्टी बांधून बांधल्याची वेळ लिहून ठेवणे, एवढे ज्याला येते तो डॉक्टर येईपर्यंत प्राण राखू शकतो.

चौथा धडा सर्वांत कठीण. जखमी अनेक आणि हात थोडे, अशा वेळी आधी कोणाकडे जावे? त्यासाठी रंगांच्या चिठ्ठ्या असतात : तात्काळ उपचार हवेत त्याला लाल, थोडा थांबू शकेल त्याला पिवळी, चालू शकेल त्याला हिरवी, आणि ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही त्याला काळी. मोठ्याने ओरडणाऱ्याकडे मन ओढ घेते. पण ओरडणाऱ्याजवळ निदान श्वास असतो, खरा धोका गप्प पडलेल्याला असतो. आपल्या ओळखीच्या माणसाला सोडून अनोळखी माणसाकडे आधी वळणे हे पुस्तक वाचून येत नाही. ते सरावानेच अंगवळणी पडते.

हे शिक्षण राजधानीपुरते ठेवून चालणार नाही, हेही अनुभवाने कळले. मालेगावात २००६ मध्ये, पुण्यात २०१० मध्ये बाँबस्फोट झाले. १९९३ च्या मुंबईतील स्फोटांत २५७ जीव गेले; त्यासाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविली होती. संकट खेड्याच्या वाटेने शहरात येते. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची सागर रक्षक दले आहेत. अनोळखी होडी दिसताच पोलिसांस कळविणे हे त्यांचे काम. मॉरिशसला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे मूळ याच कोकणात आहे. त्यांच्या पूर्वजांनी जो समुद्र ओलांडला त्यावर आज त्यांचे दूरचे भाऊबंद पहारा देतात.

गेल्या काही वर्षांत राज्यभर बरेच काही उभे राहिले. २००९ मध्ये राज्याचे 'फोर्स वन' हे खास पथक निघाले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र मुंबईतच आले. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर ९३७ रुग्णवाहिकांची सेवा महाराष्ट्रात सुरू झाली, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असण्याची व्यवस्था ठेवली गेली. नागपूर येथे १९५७ साली स्थापन झालेल्या संस्थेतून नागरी संरक्षणाचे शिक्षण देण्याची परंपरा आहे. त्याच शहरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. १९४६ साली मुंबईत जन्मलेले गृहरक्षक दल तर सामान्य नागरिकाला गणवेश देणारी जुनी शाळाच होय. २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित केली. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ जिल्ह्यांसाठी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम योजण्यात आली, तीत महाराष्ट्रातील गावेही होती.

तथापि रंगीत तालीम आणि नाटक यांत फरक आहे. पाहुणे आले, भोंगा वाजला, छायाचित्रे निघाली आणि सर्वजण घरी गेले, एवढ्याने शिक्षण होत नाही. खास पथकाच्या जवानाला जे शिकविले जाते त्याचा एक छोटा अंश तरी तालुक्याच्या ठाण्यातील शिपायाला, एस.टी.च्या वाहकाला, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला, शाळेतील शिक्षकाला वर्षानुवर्षे, पुनःपुन्हा मिळाला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण पाठ असूनही आपण अजून तहानेचीच वाट पाहतो.

गिरमिटावर गेलेल्या पूर्वजांना हा विचार नवा वाटला नसता. बोटीवर जो शेजारी आजारी पडे त्याला पाणी पाजणारा त्याचा कोणी नातलग नसे; तो जहाजीभाई असे. सरकार दूर होते, मालक कठोर होता, म्हणून जवळचा माणूस हाच पहिला आधार ठरला. त्या नात्यातून पुढे बैठका उभ्या राहिल्या, मंडळे उभी राहिली, मुले शिकली. त्यांच्या वंशजांना आता पूर्वजांचा स्नेह तर हवाच, पण त्याला विद्येची जोडही हवी.

अल मनखूलच्या एखाद्या इमारतीत आज रात्री काही घडले, तर पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९८ व अग्निशमनासाठी ९९७ हे क्रमांक आहेत, आणि शिक्षण घेतलेली माणसे तत्परतेने येतील. पण ती येईपर्यंतची काही मिनिटे जिन्यातल्या शेजाऱ्याची, खालच्या पहारेकऱ्याची, समोरच्या दुकानदाराची असतात. घरातील किती जणांना हे क्रमांक पाठ आहेत? जिन्याची वाट अंधारात कोणाला सापडेल? रक्त वाहू लागले तर कोणाचा हात न कापता कापड दाबून धरील? कोणत्याही मंडळाला वर्षातून दोन दिवस उत्सवाच्या मांडवातच हे शिक्षण देता येईल. त्याला द्रव्य थोडे लागते, निश्चय अधिक लागतो.

तुकाराम ओंबळे यांच्या हाती त्या रात्री काठी होती. त्यांच्यानंतर त्या जागी उभ्या राहणाऱ्याच्या हाती काठीहून अधिक काही असावे, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या नागरिकाला नुसते पाहत राहण्याहून अधिक काही करता यावे, एवढे झाले तरी त्यांचे ऋण थोडेसे फिटले असे म्हणता येईल.