जोडीचा खण

मृग लागायच्या आत कवेलू फेरून घ्यायचे असतात. मे संपत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत छपराछपरांवर माणसे चढलेली दिसतात. यंदा दारव्हा तालुक्यातल्या एका जुन्या देशमुखी वाड्याच्या गोठ्यावर हे काम निघाले, तेव्हा मी दोन दिवस तिथेच बसून होतो. छप्पर उघडे पडले की आतली बांधणी दिसते. एरवी गोठ्यात मान वर करून कोणी बघत नाही.

गोठा पाच खणांचा. दोन खांबांमधले अंतर टेपने मोजले तर आठ फूट भरले. वाड्याच्या ओसरीतला खण याहून दीड फुटाने लहान आहे. मी विचारले, तर जन्मभर तिथे सालदारकी केलेले म्हातारबाबा म्हणाले, “एका खणात एक जोडी, भाऊ. दोघं बैल बसले पायजेत, शिंगाले शिंग लागलं नाई पायजे.” म्हणजे आधी बैल मोजले आणि मग सागाची मयाल कापली. साग इथल्या जंगलातलाच. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, काळ्या दगडाच्या तळखड्यांवर उभे आहेत. “लाकडाले ओली माती लागली का वायवी लागते,” हेही त्यांनीच सांगितले. गोठ्याची जमीन तर रोज मुताने भिजणार. ती मुरूम ठोकून केलेली, गव्हाणीकडून मागे चार बोटे उतरती. मागच्या भिंतीलगत दगडी नाली आहे आणि ती थेट उकिरड्यात जाते. गव्हाणीच्या काठाचे लाकूड बैलांच्या मानांनी इतके गुळगुळीत झाले आहे की हात फिरवल्यावर आरशासारखे लागते.

गोठ्याला लागून आणखी एक लांब दालन आहे. त्यात सध्या ढेपेची पोती आणि कुटार भरलेले असते. मी ते कापसाचे कोठार समजलो होतो. पण भिंतीत छातीच्या उंचीवर लोखंडी कड्या दिसल्या, आणि कुटार बाजूला सारल्यावर मागच्या बाजूला जमिनीत दगडी खुंटेही निघाले. बैलाला एकाच दाव्याने बांधतात. घोड्याला मात्र आगाडीही लागते आणि पिछाडीही. दालनात गव्हाण कुठेच नाही, कारण घोड्याचा हरभरा तोबऱ्यात देतात. ही वाड्याची पागा होती. परगण्यात वसुलीसाठी फिरायचे तर घोडी हवीतच. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, पुढे रयतवारी आली आणि वसुली देशमुख-देशपांड्यांच्या हातून गेली. नंतर दारव्ह्याला शकुंतला रेल्वेही आली. पागेत कुटार येऊन पडण्यामागे एवढा इतिहास आहे, आणि तो त्या कड्या-खुंट्यांशिवाय आणखी कशावरही उमटलेला मला त्या वाड्यात दिसला नाही.

वर काम चालू होते. एक जण कवेलू उचलायचा, बोटाने टिचकी मारून ऐकायचा. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर खाली टाकायचा. मग बांबूच्या कमच्या तपासून, सडलेल्या बदलून, आधी उताणी ओळ आणि तिच्या सांध्यावर पालथी ओळ. हे अर्धगोल कवेलू कुंभार चाकावर नळीसारखे घडवतो आणि भाजण्याआधी उभे चिरून एकाचे दोन करतो. या गावात आता ते कोणी करत नाही. फुटलेल्यांच्या जागी पडक्या घरांचे जुने कवेलू आणले होते.

दोन कवेलूंच्या मधल्या फटी ही गळकी खोड नव्हे. संध्याकाळी माशा-डासांसाठी गोवऱ्या आणि लिंबाच्या पाल्याची धुनी करतात, तिचा धूर याच फटींतून निघतो. जाताना तो फाट्यांवर काजळी धरून जातो. त्या काजळलेल्या सागाला मला एकही भोक दिसले नाही. जनावरांच्या श्वासाची ऊबही याच वाटेने बाहेर पडते.

घरातल्या तरुणांना पुढच्या वर्षी टिनपत्रे टाकायची आहेत. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. वानरांची एक टोळी छपरावरून गेली की शेकडाभर कवेलू फुटतात, आणि दरवर्षी फेरायला मजूर मिळत नाहीत. पाच खणांपैकी आज दोनच खणांत जोड्या उभ्या असतात, बाकी जागा ट्रॅक्टरच्या सामानाची. तरीही मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याखाली बांधलेले जनावर धापा टाकते, हे मी दुसऱ्या गोठ्यांत पाहिले आहे. पत्रे घालायचेच असतील तर त्यांखाली तुराट्यांचा नाहीतर बांबूच्या तट्ट्यांचा थर द्या, आणि आढ्याला हवा जायला जागा ठेवा.

आणि जुने छप्पर उतरवण्याआधी एक दिवस काढा. खणाची लांबी, गव्हाणीची उंची, जमिनीचा उतार, कड्यांच्या जागा मोजून वहीत लिहा, फोटो काढा आणि सालदारबाबांना शेजारी बसवून प्रत्येक गोष्ट कशासाठी होती ते विचारून घ्या.