डिझेलचा टेम्पो की पेट्रोलचा? एक हिशेब



सहावीत गुणोत्तर-प्रमाण शिकवत होते. एकमान पद्धतीची उदाहरणं चालली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, डिझेल बरा की पेट्रोल? आमच्या बाबांक टेम्पो घेवचो आसा."

मी पटकन सांगून टाकलं, "डिझेल. त्याचं ॲव्हरेज जास्त असतं." मुलगा खूश. दुसऱ्या दिवशी त्याचे बाबा शाळेत आले. मालवण बंदरावर मासळी घ्यायची आणि आसपासच्या गावांत नेऊन विकायची, हा त्यांचा धंदा. आतापर्यंत भाड्याची गाडी होती, आता कर्ज काढून स्वतःची घ्यायची होती. "बाईंनी सांगितल्यानी म्हणान डिझेलच घेतंय," असं ते म्हणाले, तेव्हा मी जरा घाबरलेच. पुढची काही वर्षं त्यांना कर्जाचे हप्ते भरायचे होते आणि मी उत्तर दिलं होतं हिशेब न करता! "दोन दिवस थांबा," असं त्यांना सांगितलं आणि हा विषय वर्गातच सोडवायला घेतला.

आधी समजून घेऊ : डिझेलचं ॲव्हरेज जास्त का?

पहिलं कारण इंजिनाचं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. हे मिश्रण फार दाबलं तर ते ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, म्हणून ते साधारण दहापट दाबतात. डिझेल इंजिनात फक्त हवा दाबतात, तीही पंधरा ते वीसपट. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे मुलांना माहीत असतं. तीच गोष्ट इथे घडते. हवा इतकी तापते की डिझेलचा फवारा ठिणगीशिवाय पेट घेतो. दाब जास्त, म्हणून त्याच उष्णतेतून जास्त काम मिळतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लागली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे कितीतरी जास्त होतं.

दुसरं कारण आपल्या लक्षात येत नाही. आपण इंधन लिटरवर घेतो, पण दोन्हींचं एक लिटर सारखं नसतं. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरतं, तर एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम. बाजारात मासळीचे दोन वाटे सारखे दिसतात, पण एका वाट्यात दोन बांगडे जास्त निघतात, तसंच हे. किलोमागे दोन्ही इंधनांतली ऊर्जा जवळजवळ सारखीच असते, पण लिटरमागे डिझेलमध्ये ती १० ते १२ टक्के जास्त असते. म्हणजे डिझेलच्या जास्त ॲव्हरेजचा काही भाग इंजिनामुळे आणि काही भाग नुसत्या "भरलेल्या" लिटरमुळे असतो.

मग पेट्रोलचे टेम्पो आले कशाला?

२००५ साली टाटा एस, म्हणजे आपला "छोटा हत्ती", आला तो डिझेलवरच. तेव्हा डिझेलचे दर सरकार ठरवायचं आणि ते पेट्रोलपेक्षा बरेच कमी असायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले. पुढे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलच्या धुरात काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त असतात. ते रोखायला जास्तीची यंत्रणा लागली आणि छोट्या डिझेल गाड्या महागल्या. मारुतीने तर तेव्हापासून डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्यांचा सुपर कॅरी टेम्पो आज पेट्रोल आणि सीएनजीवर चालतो.

अनेक नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग आणि गरम चालावी लागते. रोज दोन-चार किलोमीटर जाऊन दारोदार थांबणाऱ्या गाडीत हा फिल्टर तुंबू शकतो. हा मुद्दा आमच्या पालकांच्या कामाचा होता.

आता हिशेब

पुढचे आकडे आम्ही वर्गात समजून चालण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या पंपावरचा दर आणि तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज घाला.

समजा, सारख्याच आकाराचे दोन टेम्पो आहेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर, ॲव्हरेज १५. डिझेल ९२ रुपये लिटर, ॲव्हरेज २०.

पेट्रोल : १०५ ÷ १५ = किलोमीटरला ७ रुपये
डिझेल : ९२ ÷ २० = किलोमीटरला ४ रुपये ६० पैसे
फरक : किलोमीटरला २ रुपये ४० पैसे

"म्हणजे डिझेलच!" वर्ग ओरडला. मी फळ्यावर आणखी दोन ओळी लिहिल्या. डिझेलची गाडी ९०,००० रुपयांनी महाग आणि देखभालीचा खर्च वर्षाला ६,००० रुपयांनी जास्त. आता प्रश्न असा : हे जास्तीचे ९०,००० किती वर्षांत वसूल होतील?

त्यासाठी गाडी वर्षात किती दिवस धावते, ते हवं. एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, जून-जुलै बंदी!" बरोबर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस गेले. सुट्ट्या आणि वादळवाऱ्याचे दिवस धरून आम्ही २४० दिवस घेतले.

पहिली गाडी – गावातल्या गावात, रोज २० किलोमीटर : वर्षाला ४,८०० किलोमीटर. इंधनात बचत ११,५२० रुपये, देखभाल वजा जाता ५,५२०. वसुलीला १६ वर्षांहून जास्त!

दुसरी गाडी – मालवण ते कुडाळ जाऊन-येऊन, रोज साधारण ६० किलोमीटर : वर्षाला १४,४०० किलोमीटर. निव्वळ बचत २८,५६० रुपये. वसुली तीन वर्षांच्या थोडी पुढे.

तिसरी गाडी – घाट चढून कोल्हापूर, जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर, वर्षात १२० फेऱ्या : ३६,००० किलोमीटर. निव्वळ बचत ८०,४०० रुपये. वसुली सव्वा वर्षाच्या आत.

गाड्या त्याच, दर तेच, पण उत्तरं तीन आली. डिझेल बरं की पेट्रोल, हे एकट्या ॲव्हरेजवर ठरत नाही. वर्षाला किती किलोमीटर, हे आधी विचारावं लागतं. भार घेऊन घाट चढायचा असेल, तर कमी वेगातही जोर देणारं डिझेल इंजिन आणखी सोयीचं ठरतं. शिवाय जास्तीच्या ९०,००० वर कर्जाचं व्याज चढतं, ते आम्ही धरलेलंच नाही. ते धरलं की पहिल्या गाडीचं गणित आणखी बिघडतं.

वर्गात करून पाहा

१. घरात किंवा शेजारी टेम्पो, रिक्षा, मोटरसायकल असेल तर टाकी फुल करून मीटरचा आकडा लिहा. काही दिवसांनी त्याच पंपावर पुन्हा फुल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे खरं ॲव्हरेज. कंपनीच्या आकड्याशी त्याची तुलना करा.
२. डिझेल पाच रुपयांनी वाढलं तर दुसऱ्या गाडीची वसुली किती लांबेल?
३. भार भरून आणि रिकामी अशा दोन फेऱ्यांचं ॲव्हरेज वेगळं काढा. फरक का पडला, ते मुलांना सांगू द्या.

त्या पालकांना मी गाडीचं नाव सुचवलं नाही. एक वही दिली आणि भाड्याच्या गाडीचे रोजचे किलोमीटर महिनाभर लिहायला सांगितलं. मुलगाच ते लिहायचा. महिन्याअखेरीस सरासरी आली रोजची २३ किलोमीटर. बाबांनी वही दोनदा चाळली आणि म्हणाले, "आमचो टेम्पो गावातच फिरता, बाई. माका वाटायचा, लय लांब जाता."

त्यांनी पेट्रोलचा टेम्पो घेतला. वही अजून चालू आहे.