धुरापासून मिथेनॉल, पण हायड्रोजन आणायचा कुठून? डॉ. गणपती यादव यांचं संशोधन नेमकं काय आहे?

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासूनच इंधन बनवता आलं तर? तसं मिथेनॉल बनवता येतं, पण खरी गोम हायड्रोजनमध्ये आहे. डॉ. गणपती यादव यांच्या कामाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो.

कोण आहेत डॉ. यादव?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाडा गावचे यादव केमिकल इंजिनीअरिंगसाठी माटुंग्याच्या 'यूडीसीटी'त आले. प्रा. एम. एम. शर्मा यांच्याकडे पीएचडी केली. याच संस्थेची पुढे 'आयसीटी' झाली आणि २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं ते तिचे कुलगुरू होते. २०१६मध्ये पद्मश्री मिळाली.

उत्प्रेरक म्हणजे काय?

रासायनिक क्रियेचा वेग वाढवून शेवटी स्वतः तसाच उरणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, अर्थात कॅटॅलिस्ट. कारखान्यांत या कामासाठी सल्फ्युरिक अ‍ॅसिडसारखी द्रव आम्लं सर्रास वापरली जातात. काम झालं की ती निकामी करावी लागतात आणि त्यातून दूषित सांडपाणी उरतं. यादव यांनी झिर्कोनियावर आधारित घन आम्लं तयार केली. ती गाळून बाजूला काढता येतात आणि पुन्हा वापरता येतात. 'यूडीकॅट' या त्यांच्या नावात जुन्या यूडीसीटीची खूण आहे!

हायड्रोजनचं गणित

एक टन मिथेनॉल बनवायला किमान १,३७५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळपास १९० किलो हायड्रोजन लागतो. आज बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळतो आणि त्याच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे १९० किलोंमागे १,७०० किलोंच्या आसपास! जेवढा धूर वापरला, त्याहून जास्त सोडला. असं मिथेनॉल कितीही 'हरित' म्हणून विकलं, तरी हिशेब तोट्याचाच.

म्हणून हायड्रोजन पाण्यातून हवा. नुसत्या उष्णतेने पाणी फोडायचं तर २,००० अंशांच्या वरचं तापमान लागतं. आयसीटी आणि ओएनजीसी एनर्जी सेंटरने यासाठी तांबं-क्लोरीन चक्रावर काम केलं. यात साधारण ४५० अंशांना तांब्याची हायड्रोजन क्लोराइड वायूशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. पुढच्या टप्प्यांत पाण्यातला ऑक्सिजन वेगळा होतो, तांबं आणि हायड्रोजन क्लोराइड परत मिळतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. खर्ची पडतं ते पाणी, उष्णता आणि थोडी वीज. संपूर्ण चक्राला ५५० अंशांच्या आसपास तापमान पुरतं.

मग अडतंय कुठे?

पहिली अडचण उष्णतेची. भारतातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून बाहेर येणारं पाणी ३०० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे ते इथे अपुरं. आरसे लावून एकवटलेली सूर्याची उष्णता चालू शकते, पण ती दिवसाच.

दुसरी अडचण गंजाची. पाण्याची वाफ आणि हायड्रोजन क्लोराइड या तापमानाला एकत्र आले की साधं पोलाद टिकत नाही. प्रयोगशाळेत काच आणि क्वार्ट्झ वापरून निभावतं. कारखान्याच्या आकाराच्या भांड्यांना आणि पाइपांना मात्र महागडे मिश्रधातू किंवा सिरॅमिकचं अस्तर लागतं. शिवाय स्पर्धा थेट विजेवर पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरशी आहे, आणि सौर वीज स्वस्त होईल तसा त्याचा हायड्रोजनही स्वस्त होत जाणार आहे.