वार्धक्य हे निदान नव्हे

सत्तरी उलटलेला रुग्ण समोर येऊन बसला की आपल्या केसपेपरवर एक शब्द फार सहज उमटतो : ‘वार्धक्यज’. वय झाले, वायू वाढला, धातू क्षीण झाले. आता यात नवे ते काय शोधायचे, असा त्या शब्दामागचा भाव असतो. या एका शब्दामुळे माझे वडील जवळजवळ माझ्या हातून गेले असते. तो शब्द लिहिणारा वैद्य मीच होतो. हे सांगताना संकोच वाटतो. परंतु घरातील चूक घरातच ठेवली तर तिचा उपयोग कोणालाच होणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर वाईचे. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत फेरी, ढोल्या गणपतीचे दर्शन आणि परतल्यावर वर्तमानपत्रातील शब्दकोडे, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. कोडे ते शाईच्या पेनाने, खाडाखोड न करता सोडवीत. 2018 साली आषाढी एकादशीच्या दिवशी पूजेला जाताना देवघराच्या बुटक्या चौकटीवर त्यांचे डोके आपटले. त्या वेळी त्यांचे वय 79 होते. टेंगूळ आले, आईने आंबेहळद उगाळून लावली, चार दिवसांत सूज उतरली आणि ती गोष्ट आम्ही सारेच विसरलो.

श्रावणात तात्या मंदावले. दुपारची झोप लांबली. डोके जड वाटते म्हणत. सदऱ्याची बटणे वरखाली लागू लागली. शब्दकोडे अर्धे राहू लागले, पुढे कोरेच राहू लागले. वर्षाऋतूतील वातप्रकोप आणि त्यात वार्धक्य, असा हिशेब मी मांडला. अश्वगंधारिष्ट सुरू केले, रात्री ब्राह्मीघृत दिले, क्षीरबला तेलाचा अभ्यंग लावून दिला. चिकित्सा शास्त्रोक्त होती. ती ज्या निदानावर उभी होती, ते निदान मात्र मी केलेच नव्हते. ते मी गृहीत धरले होते.

आई मात्र पाहत होती. दोनदा तिने सांगितले, “चालताना यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटते रे.” मी नवी, पट्ट्याची चप्पल आणून दिली! गौरी-गणपती तोंडावर आले असताना एका सकाळी तात्यांना उठवता उठवेनात. मोठ्या प्रयासाने डोळे उघडले, तर ते आईला ओळखेनात. मी नाडीवर बोटे ठेवून बसलो होतो. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, “तुझ्या दवाखान्यात कोणी परका माणूस असा आला असता, तर तू काय विचारलं असतंस?”

त्या प्रश्नाने मी भानावर आलो. परका असता तर मी विचारले असते : हे कधीपासून? त्याआधी काय घडले? कोठे पडलात, लागले? दुसरी औषधे कोणती चालू आहेत? दोन्ही हातांची मूठ मी आवळून पाहिली असती, दोन्ही पायांचे बळ ताडून पाहिले असते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा मी रोज पन्नास जणांची करीत होतो. जन्मदात्याची केली नव्हती. तेव्हा केली. डावा हात आणि डावा पाय स्पष्टपणे दुबळे होते. हृदयविकारासाठी कित्येक वर्षे रोज ॲस्पिरिन चालू होते, ही माहिती तर मला आधीपासूनच होती.

तासाभरात साताऱ्यास नेले. सीटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूस, मेंदूच्या बाह्य आवरणाखाली, जुना रक्तसंचय दिसला. वृद्धांमध्ये मेंदू किंचित आकसलेला असतो, त्यामुळे आवरणाखालील सूक्ष्म सिरांवर ताण येतो. किरकोळ आघातानेही एखादी सिरा फाटते, रक्त थेंबाथेंबाने साचत जाते आणि लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसू लागतात. रक्त पातळ राखणाऱ्या औषधांनी हा धोका वाढतो. शल्यचिकित्सकांनी कवटीस दोन लहान छिद्रे पाडून काकवीसारखे काळे रक्त काढून टाकले. गणेशचतुर्थी रुग्णालयातच गेली. तिसऱ्या दिवशी तात्यांनी चष्मा आणि पेन मागितले.

घरी परतल्यावर मी ग्रंथ पुन्हा उघडले. सुश्रुताचार्यांनी व्याधींचे सात प्रकार सांगितले आहेत. क्षुधा, तृष्णा, निद्रा, जरा आणि मृत्यू हे स्वभावबलप्रवृत्त. आघाताने होणारे ते संघातबलप्रवृत्त. तात्यांचा व्याधी दुसऱ्या वर्गातला होता, मी तो पहिल्यात टाकला होता. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात शिरोभिघाताच्या लक्षणांत मोह आणि चेष्टानाश स्पष्टपणे सांगितले आहेत. पदवीच्या वर्षांत हे सारे मी मुखोद्गत केले होते. ग्रंथ कमी पडला नव्हता, मी कमी पडलो होतो.

सुश्रुताचार्य त्याच ठिकाणी आणखी एक भेद करतात : योग्य काळजी घेऊनही येणारी जरा कालज, आणि काळजीअभावी येणारी अकालज. चरकांच्या विमानस्थानात रथाच्या आसाचा दृष्टांत आहे. चांगला आस आपल्या काळाने झिजून संपतो. परंतु अतिभाराने, खडबडीत वाटेने, वंगणाच्या अभावाने तो वाटेतच मोडतो. म्हाताऱ्या रुग्णापुढे वैद्याचे पहिले काम एवढेच, की आस झिजतो आहे की मोडतो आहे, हे पाहणे.

म्हणून वैद्यमित्रांस विनंती, की वृद्ध रुग्णात दिवसांत किंवा आठवड्यांत झालेला बदल वयाच्या खात्यावर टाकू नये. वय इतक्या घाईने येत नाही. पडल्याचा, आपटल्याचा इतिहास खोदून विचारावा. बळ दोन्ही बाजूंचे ताडून पाहावे. चालू औषधांची पिशवीच मागवून घ्यावी. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट, थायरॉइडची मंदता, बी-12 ची कमतरता, मनाची उदासी हीदेखील वार्धक्याचा वेष घेऊन येतात, आणि यांतील बहुतेक उपचाराने सुधारतात. घरातील बाईमाणसाने सांगितलेली बारीकशी खूण लक्षण म्हणूनच ऐकावी. चप्पल बदलू नये, पाय तपासावा.

वैद्यवृत्ती चार प्रकारची असावी, असे चरक सांगतात : मैत्री, कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. येथील ‘प्रकृतिस्थ’ या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी मरणासन्न असा घेतला आहे. अटळ मृत्यूपुढे वैद्याने आसक्ती आवरून तटस्थ राहावे, अशी ती उपेक्षा. आपल्या मराठीत मात्र उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. 2018 मध्ये तात्यांच्या वाट्यास आली, ती मराठीतली उपेक्षा होती.

चरकांची उपेक्षा पुढे चार वर्षांनी शिकलो. 2022 च्या हिवाळ्यात तात्यांचा आहार तुटला, बोलणे कमी झाले. या वेळी सर्व परीक्षा केली, तपासण्या केल्या. सावरता येईल असे काही सापडले नाही. मग औषधे आवरती घेतली. आई पेजेचे चमचे भरवी, मी पायाला तेल लावीत बसे. शब्दकोडे मी मोठ्याने वाचून दाखवी, आणि एखादे उत्तर ते डोळे मिटूनच देत. तिसऱ्या आठवड्यात, पहाटे, ते गेले. त्या वेळी आस मोडला नव्हता, झिजून थांबला होता.

आता आई 81 वर्षांची आहे. परवा म्हणाली, “हल्ली नावं आठवत नाहीत रे, वय झालं.” मी केसपेपर घेतला आणि विचारले, “कधीपासून?”