११७ मैलांचे सूत

मोहर्लीच्या फाटकाबाहेर पहाटे जिप्सींची रांग लागते. आसपासच्या दुकानांत वाघ छापलेले टी-शर्ट आणि खाकी टोप्या टांगलेल्या असतात. ताडोबाला आलेला पाहुणा सफारी आटोपली की त्यातले एखाददुसरे घेतो. बाहेरून तयार होऊन आलेला कपडा या जंगलपट्ट्यात विकला जाणे जुनेच आहे. मात्र हा व्यापार सुरू झाला तेव्हा चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हे कपडा विकत आणणारे गाव नव्हते, दूरवर पाठवणारे गाव होते. चांद्याचे कापड पश्चिम किनाऱ्याकडे जाई, आणि एके काळी त्याला अरबस्तानातही मागणी होती.

त्या कापडाचे खरे बळ सुतात होते. १८६० च्या दशकात नागपुरात प्रदर्शन भरले, त्यात चांद्याचे हातकताईचे सूत मांडले होते. ब्रिटिश गॅझेटियरने त्याची नोंद करून ठेवली आहे: हे सूत इतके बारीक की एक पौंड सूत उलगडले तर ११७ मैल जाईल. म्हणजे अर्ध्या किलोहून कमी वजनात सुमारे १८८ किलोमीटर. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. हा धागा नागपूर ओलांडून पुढे जातो. ८४० यार्डांची एक लडी, आणि पौंडात जितक्या लड्या तितका सुताचा नंबर, या गिरणीच्या हिशेबाने ते जवळजवळ २४५ नंबरचे सूत होते. आपल्या साध्या सदऱ्याचे सूत बहुधा चाळीसच्या आसपास असते. हे सूत महार कातीत, असे तीच नोंद सांगते. ज्यांच्या हाताचा स्पर्श विटाळ मानला जात होता, त्यांच्याच बोटांतून निघालेला धागा कोष्ट्याच्या मागावर चढून उंची कापड होत होता. कातणाऱ्यांची फक्त जात नोंदवली गेली. त्या बोटांचे कसब पाहता हे वाचताना मला राग येतो.

अशा या मुलखात विलायती माल आत आणायचा, तर वाट हवी होती. रेल्वेच्या आधी मिठाचे तांडे घेऊन बंजारे येत, त्यांच्या बैलांच्या पाठीवरून थोडेफार बाहेरचे सामान येई. पण बैलाच्या पाठीवर मँचेस्टरच्या गाठी किती येणार? म्हणून इंग्रजांनी आधी नदीकडे पाहिले. गोदावरीवर धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटनच्या डोक्यात कल्पना होती की समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता, वर्धा अशी बोटींची वाट करावी. वऱ्हाडचा कापूस खाली काकिनाड्याकडे न्यावा, आणि परतीला मीठ व विलायती माल वर आणावा. प्राणहिता-गोदावरी संगमावरचे सिरोंचा त्यासाठी महत्त्वाचे ठरले. दुम्मागुडेमच्या खडकाळ टप्प्यावर कालवे आणि बंधारे यांवर मोठा पैसा ओतला गेला. पण पावसाळा सरला की नदी उघडी पडे, मजूर हिवतापाने आडवे होत, आणि तोवर आगगाडीने पश्चिमेकडून मजल मारली होती. १८७१ मध्ये ते काम थांबवण्यात आले.

आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, तेव्हा हिंगणघाटच्या बनी कापसाचे नाव विलायतेत झाले. त्या कापसावर लक्ष ठेवायला सरकारने मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कर्नाक नावाचा. त्याचा अहवाल वाचला म्हणजे धोरण कसे उघडपणे आखले जात होते ते कळते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कापसाच्या मुलखात रेल्वेचा फाटा नेला, की विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल. मग इथे सूत काढण्यात खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि कातणारे-विणणारे हातही शेतमजुरीला मोकळे होतील, जंगल तोडून नवी जमीन लागवडीखाली येईल. या मांडणीत कातणारी बाई ही शिल्लक पडलेली मजूर होती आणि जंगल ही पडीक जमीन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पुढच्या शंभर वर्षांकडे पाहायचे असेल तर हा अहवाल बाजूला ठेवून चालणार नाही.

वरोऱ्याला कोळसा लागला. १८७१ पासून तिथली खाण चालू झाली आणि त्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ आले. कोळसा वर जाई, गाठी खाली येत. वरोऱ्याहून चांद्यापर्यंत मात्र अजून बैलगाडीच होती.

या गाठींत काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विलायती माल म्हटले की आपल्याला होळीत जळणारे तलम कापड आठवते. पण हातमागाच्या गावात आधी घुसले ते सूत. गिरणीचे सूत लड्यांच्या पुडक्यांत येई, एकसारख्या जाडीचे, नंबर ठरलेला, पाहिजे तेवढे. कोष्ट्याला, साळ्याला ते सोयीचेच होते. पूर्वी पाच-सात घरांतून सूत गोळा करा, त्यातले जाडबारीक निवडा, मग ताणा भरा. आता दुकानातून पुडके आणले की पहाटे गल्लीत ताणा पसरून पाजणीला सुरुवात. पेज लावलेला ताणा उन्हात वाळवताना विलायती धागा हातसुतापेक्षा कमी तुटे. धोटा थांबेना, काम झपाझप होई. म्हणून माग चालू राहिला, नागपुरी लुगड्यांचे नावही राहिले, आणि बाजारात वरवर पाहणाऱ्याला काही बिघडल्यासारखे दिसलेही नसेल. बिघडले ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, महारवाड्यात. जितके सूत बारीक तितकी गिरणीशी स्पर्धा अवघड. म्हणून ११७ मैलांचा धागा काढणारे हात आधी रिकामे झाले. जाडेभरडे, टिकाऊ कापड मात्र बराच काळ तगून राहिले. शेतात, रानात वापरायला मजबूत लुगडे लागे, आणि त्यात विलायती कापडाची डाळ शिजत नसे.

कापडही आले, अर्थात. मांजरपाट, छीट, गडद तांबडे टर्की रेड. प्रत्येक ताग्यावर रंगीत कागदी छाप चिकटवलेला असे. देवदेवता, हत्ती, वाघ. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नसे, ते चित्रावरून माल ओळखे. मँचेस्टरचे व्यापारी हे छाप मुद्दाम हिंदी गिऱ्हाइकासाठी छापून घेत. तागा हातात घेतला की जड लागे, दाट वाटे. घरी पहिली धुणावळ झाली की पाणी पांढरे होई आणि कापड निम्मे विरल्यासारखे दिसे. कापूस महागला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी खळीत चिनी माती मिसळून वजन वाढवायची सवय लावून घेतली होती. त्यावरून खुद्द इंग्लंडमध्ये बोभाटा झाला. १८८९ च्या कायद्याने ताग्यावर यार्डांची लांबी छापणे बंधनकारक झाले, तेव्हा निदान मापातली फसवणूक आटोक्यात आली.

चैत्रात महाकालीची जत्रा भरे, आणि चांद्याचा मोठा व्यापार तिथेच होई. तिथून, शहराच्या पेठेतून आणि आठवडी बाजारांतून हा माल चांद्याच्या तटाच्या जटपुरा दरवाजाबाहेरच्या रानात झिरपला. गोंड आणि माडिया गावांत रोकड कमी. मोह, चारोळी, लाख, हिरडा देऊन सामान घ्यायचे. सुया, आरसे, काचमणी, आगपेट्या, घासलेटचे डबे. यातल्या काही वस्तूंनी खरोखर सोय केली, ते नाकारण्यात अर्थ नाही. आगपेटीने विस्तव राखायची दगदग गेली. घासलेटचा रिकामा डबा तर पाणी भरण्यापासून छपराला ठिगळ लावण्यापर्यंत कामाला आला. युरोपातून आलेले काचमणी माडिया बायकांनी आपल्या हिशेबाने ओवले, आणि ते त्यांच्या साजाचा भाग झाले. रंगांची गोष्ट वेगळी. जर्मन कारखान्यातला तयार तांबडा रंग पुडीतून मिळू लागला, तेव्हा आलीच्या मुळ्यांतून रंग काढणाऱ्या रंगाऱ्यांचे काम बसले. तसराला मात्र विलायतेतून पर्याय आला नाही. ऐनाच्या झाडावर किडे पाळून कोसले काढणारे ढिवर आणि करवती काठाची लुगडी विणणारे कोष्टी टिकले, त्याचे हेही एक कारण.

१ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हळूहळू विलायती पुडक्याच्या जागी नागपूर-हिंगणघाटचे पुडके आले. सरकारने १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात काढून टाकली होती. १८९४ मध्ये ती परत लावावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. देशी गिरण्यांवरचा हा अन्याय आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे. कातणाऱ्या बायकांसाठी मात्र पुडके विलायती की देशी याने फरक पडला नाही. त्यांचा रोजगार दोन्हींनी नेला.

त्यांच्याकडे लक्ष वळायला १९३० चे दशक उजाडावे लागले. चांदा जिल्ह्यातले सावली हे खादीचे मोठे केंद्र होते. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले आणि गांधीजी सावलीत राहिले. त्याआधीच, १९३५ मध्ये, चरखा संघाने एक अवघड निर्णय घेतला होता: कताईची मजुरी बाजारभावाने ठरवायची नाही, आठ तासांच्या कामात बाईचे पोट भरले पाहिजे या हिशेबाने ठरवायची. खादी महागणार, खप घटणार, हे दिसत असूनही. संघातल्याच अनेकांना हे पटत नव्हते, कारण स्वस्त खादी विकणे हेच त्यांना देशकार्य वाटत होते. गांधीजी हटले नाहीत. स्वदेशीच्या सगळ्या चळवळीत मला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. कापड कुठे विणले यापेक्षा सूत काढणाऱ्या बाईला काय मिळाले, हे त्याने पहिल्यांदा विचारले.

पुढे नाग विदर्भ चरखा संघाने या भागात खादीचे काम चालवले. सावलीच्या चरख्यावर अडीचशे नंबरचे सूत पुन्हा निघाले नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली बोटे लागतात, आणि ती बोटे तोवर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला लागली होती.